साप पळवणारा सोलर खांब: 1,899 रुपयांची जोडी, दीड चांदणी

दीड चांदणी देतेय. त्यातली एक खोकं न चेपता घरपोच आलं म्हणून. उरलेली अर्धी कशाची ते खाली येईलच.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते, कारण मशीन कुठं रोवलं यावर बरंच अवलंबून आहे. आम्ही सांगलीजवळच्या हरिपूरचे. कृष्णा आणि वारणा मिळतात त्या संगमाच्या अलीकडं, मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) जमिनीला लागून आमची 9 गुंठ्यांची रोपवाटिका आहे. पूर्वी गुलाब, जास्वंद, मोगरा असला माल असायचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी 57 फुटांच्या वर चढलं आणि आमच्या पिशव्यांसकट सगळा मोगरा कर्नाटकात गेला. इशारा 40 ला, धोका 45 ला, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 57 म्हणजे काय ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. पाणी उतरल्यावर आमचे हे म्हणाले, नदी दर दोन-तीन वर्षांनी घरात येणारच असेल तर पाण्यातलंच झाड लावू. तेव्हापासून कमळ आणि कुमुदिनी. आता 46 टब आहेत आणि मधोमध 12 बाय 8 चा सिमेंटचा हौद.

पाणी साठवलं की डास होतात. डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडले. हौदात कुणीतरी चार चिलापी मासे आणून टाकले, त्यांचे चाळीस झाले. मृगाचा पहिला पाऊस पडला की बेडूक कुठून येतात देव जाणे, पण येतात, आणि रात्रभर असे ओरडतात की फोनवर बोलता येत नाही. आणि बेडकांमागून, माशांमागून येतो तो दिवड. आमच्या बाजूला काही लोक विरोळाही म्हणतात. आत्या (माझ्या सासूबाई) त्याला नुसतं ‘पाण्यातला’ म्हणतात. संध्याकाळनंतर सापाचं नाव घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम.

मशीन मागवायचं कारण म्हणजे जूनमधला प्रकार. आमच्याकडं कामाला येणारं पोरगं टबातली पिवळी पानं काढत होतं. पान वर उचललं आणि खालून काहीतरी सटकन हाताला लागलं. पोरगं बोंबललं ते ‘नाग, नाग’ करतच. मी धावत गेले तर टबाच्या कडेवर मान चपटी करून हा उभा, आणि खरं सांगते, क्षणभर मलाही नागच वाटला. फणा नव्हता, पण मान अशी पसरली होती की घाबरलेल्या माणसाला फणाच दिसावा. पोराच्या अंगठ्याच्या मुळाशी बारीक बारीक टाचण्या टोचल्यासारख्या दोन ओळी होत्या आणि रक्त चांगलंच वाहत होतं. हाताला काही बांधलं नाही, कापाकापी केली नाही, हात हलवू दिला नाही, मोटारसायकलवर मध्ये बसवून यांनी थेट सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं एक गोष्ट पाहिली ती सांगण्यासारखी आहे. डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवून दिली. 20 मिनिटं हात लावायचा नाही. नंतर नळी आडवी केली. रक्त गोठून घट्ट बसलं होतं, ओघळलं नाही. घोणस किंवा फुरसं चावलं असतं तर ते पाण्यासारखं पातळच राहिलं असतं, असं त्यांनी समजावलं. नाग-मण्यारीचं विष मात्र नसांवर जातं, ते या नळीत कळत नाही, म्हणून डोळ्यांच्या पापण्या जड होतात का, गिळता येतंय का, हे रात्रभर बघत राहिले. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, सकाळी चहा-बिस्कीट खाऊन पोरगं घरी. दिवड बिनविषारी असतो, पण तुम्ही दवाखान्याबाहेर उभं राहून ‘तो दिवडच होता’ अशी पैज लावू नका. आम्हीही नाही लावली.

पोराची आई मात्र म्हणाली, ‘वैनी, सापाचा बंदोबस्त झाल्याशिवाय लेकराला धाडनार न्हाई.’ तिचं काय चुकलं? म्हणून बंदोबस्त.

पहिल्यांदा एका दुकानातून 450 रुपयांची पावडर आणली. वास डांबराच्या गोळ्या आणि गंधकाचा. टबांभोवती रांगोळीसारखी घातली, तिसऱ्या दिवशी पाऊस आला, पावडर वाहून दोन टबांत गेली आणि गप्पी उलटे तरंगले. दिवड चौथ्या दिवशी हजर. दुसऱ्या एका दुकानदारानं तर मागच्या खोलीतून दाणेदार औषध काढून दिलं, ‘जुनं हाय पर जालीम हाय’ म्हणाला. फोरेट, म्हणजे कीटकनाशक. 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे ते. पूर्वी ऊसवाले घराभोवती सर्रास टाकायचे. माझ्या हौदातलं पाणी पाझरून शेजारच्या विहिरीत जातं आणि शेजाऱ्यांची म्हैस तेच पाणी पिते. हात जोडून परत आले.

मग भाच्यानं मोबाईलवरून ही जोडी मागवून दिली. खोक्यावर चित्रं: फणा काढलेला नाग, उंदीर, आणि एक काळा, डोळे नसल्यासारखा गुबगुबीत प्राणी. तो काय आहे ते आत्यांनी विचारलं, मला सांगता येईना. भाचा म्हणाला, परदेशात गवताच्या लॉनखाली बिळं करतो तो. म्हणजे हे मशीन मुळात त्याच्यासाठी काढलेलं असणार आणि आपल्याकडं येताना खोक्यावर नाग छापला असणार. हा माझा अंदाज, पण पुढचं सगळं बघता मी त्यावर ठाम आहे.

वस्तू कशी आहे? वर चहाच्या बशीएवढं सोलर पॅनेल, खाली बोटाएवढी जाड पोकळ नळी, टोकाला प्लास्टिकचा सुळा. आत एक रिचार्जचा सेल. चालू केलं की दर 30 सेकंदाला ‘गुंईं’ असा आवाज येतो, मोबाईल लाकडी टेबलावर थरथरल्यासारखा. जमिनीला कान लावला (लावला मी, शेजारीण बघत होती) तर हादराही जाणवतो. खोक्यावर ‘अल्ट्रासॉनिक’ असं मोठ्या अक्षरात आहे. ‘सर्व जातीचे साप 100 टक्के पळतील’ हे त्याहून मोठ्या अक्षरात.

पहिला सुळा रोवतानाच मोडला. आमची काळी जमीन, वरून मऊ दिसते आणि आत वीट. पहारीनं भोक पाडून मग खांब बसवला. कंपनीच्या सूचनांत लिहिलंय ‘हलक्या हाताने दाबा’. ते लिहिणाऱ्यानं सांगलीची जमीन पाहिलेली नाही.

आता माझी वही. रोपांचा हिशेब लिहिते त्याच वहीच्या मागच्या पानावर मी दिवड दिसला की काडी ओढत होते. मशीनच्या आधीच्या 30 दिवसांत 11 काड्या. मशीन लावल्यावरच्या 30 दिवसांत 13. मी काही शास्त्रज्ञ नाही, पाऊस वाढला, बेडूक वाढले, त्यानं दोन काड्या वाढल्या असतील. पण कमी काही झाल्या नाहीत. एकदा तर भर दुपारी मशीन गुंईं करत असताना त्याच्यापासून हातभर अंतरावर, हौदाच्या विटेवर त्याचं जेवण चाललं होतं. चिलापी धरला होता, चांगला वीतभर. पाण्यात धरून त्यानं तो काठावर ओढून आणला, आडवा धरलेला मासा जबडा सरकवत सरकवत फिरवला आणि डोक्याकडून आत घ्यायला लागला. चिलापीच्या पाठीवरचे काटे कसे टोचतात ते साफ करणाऱ्या बाईला विचारा. डोक्याकडून गेला की काटे आपोआप मिटतात. पाच-सात मिनिटं लागली. या वेळात मशीन दहा-बारा वेळा तरी वाजलं असेल. त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही म्हणणार होते, पण सापाला पापणी नसते.

माझी भाची प्राणिशास्त्र शिकते. तिला फोन केला तर ती हसायलाच लागली. सापाला बाहेरचा कान नसतो, जमिनीला टेकलेल्या जबड्याच्या हाडातून हादरा आतल्या कानापर्यंत जातो, हे मला माहीत होतं. तिनं सांगितलं, हवेतला आवाजही त्याला ऐकू येतो, पण खालच्या पट्टीतला, काहीशे हर्ट्झपर्यंतचा. अल्ट्रासॉनिक म्हणजे 20,000 हर्ट्झच्या वरचा. तो त्याच्या गावालाच नाही. मग जमिनीचा हादरा तरी? तो त्याला कळतो, पण दर अर्ध्या मिनिटाला तसाच हादरा येतो आणि मागून कुणी येत नाही, तर तो कशाला पळेल? गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज येत नाही, तसलं ते. शिवाय आमचा दिवड दिवसातला निम्मा वेळ पाण्यात, तिथं खांबाचा हादरा पोचणार किती?

तिनं त्याचं शास्त्रीय नावही सांगितलं, फौलिया पिस्केटर. 1799 मध्ये श्नायडर नावाच्या जर्मन माणसानं पिस्केटर हे नाव दिलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मासेमार. म्हणजे ज्याच्या नावातच मासे धरणं आहे त्याला मी माशांनी भरलेला हौद मांडून दिला आणि वर गुंईं वाजवत बसले. पाकिस्तान-नेपाळपासून आग्नेय आशियापर्यंत जिथं भातखाचर, तळं, ओढा, संथ पाणी आहे तिथं हा असतोच. आपल्या सांगलीत तर विचारूच नका. नदी आहे, पाट आहेत, शेततळी आहेत, वाळवा-पलूसकडची ती क्षारपड रानं आहेत जिथं ऊस मेला आणि पाणकणीस माजलं. माणसाला ती रानं बघवत नाहीत, दिवडाला मात्र त्याहून चांगली जागा नाही. 2023 ला अंकलीच्या पुलाजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, नदीत खायला मिळालं नाही तर हे सगळे आमच्याच हौदावर येणार.

अर्ध्या चांदणीचं आता सांगते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी पाणी घालायला गेले तर एक नंबरच्या खांबाच्या बुडाशी, खांब आणि वीट यांच्या फटीत पांढरं काहीतरी अडकलेलं. प्लास्टिक वाटलं. ओढलं तर आख्खी कात. साप कात टाकताना तोंडाकडची कातडी खरबरीत वस्तूवर घासून सोडवतो आणि मग त्यातून पायमोजा उलटा काढावा तसा निघून जातो. घासायला त्यानं माझं 950 रुपयांचं मशीन निवडलं. खांबावर पॅनेलच्या खाली जे आडवे खाच आहेत ना, पकडीसाठी, ते फार सोयीचे पडले असावेत.

शिवणाच्या टेपनं कात मोजली, 3 फूट 4 इंच. कात ताणलेली असते, म्हणजे साप त्याहून थोडा आखूड. चष्मा लावून उजेडात धरली. पाठीवरच्या बहुतेक खवल्यांच्या मधोमध एक बारीक उभी कड, जात्याच्या टाकीसारखी. बोट शेपटीकडून डोक्याकडं फिरवलं तर खरखर लागते, उलट फिरवलं तर गुळगुळीत. पोटाकडचे खवले रुंद, एकाखाली एक, कौलांसारखे. डोळ्यावरचा गोल काचेसारखा तुकडासुद्धा कातीत तसाच होता. चौकटीचौकटीची नक्षी फिकट दिसत होती, डोळ्याखालची एक आणि डोळ्यामागची एक, अशा दोन काळ्या तिरप्या रेघा मात्र नीट कळल्या. जिवंत दिवड ओळखायचा तो याच रेघांवरून, काजळ ओघळल्यासारख्या. आत्यांनी कात माझ्या हातातून घेतली आणि गव्हाच्या कणगीत ठेवली. बरकत येते म्हणे. मशीननं घरात आणलेली ही एकमेव बरकत, तिची ही अर्धी चांदणी.

जुलैच्या शेवटी सलग चार दिवस झोडपलं आणि दोन नंबरचा खांब मुका झाला. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ आहे. पॅनेल उघडलं तर आत चमचाभर पाणी आणि सेल हिरवा पडलेला. पावसाळ्यात साप जास्त दिसतात आणि पावसाळ्यात हे बंद पडतं. यावर मी जास्त बोलत नाही.

एक चूक माझीही, ती लिहायला हवी, नाहीतर कुणी वाचून तेच करेल. मशीनचा नाद सोडल्यावर मी हौदावर नायलॉनची बारीक जाळी टाकली, द्राक्षबागेत पाखरांसाठी लावतात तसली. दुसऱ्या दिवशी पहाटे दिवड त्यात. पुढं घुसला होता आणि खवल्यांमुळं मागं येता येईना, जेवढा पिळवटला तेवढी दोरी रुतत गेली. मानेपासून हातभर खाली कातडी सोलल्यासारखी लाल झाली होती. तोंड उघडून श्वास घेत होता. पोराला चावलेला हाच असेल-नसेल, पण त्या अवस्थेत बघून माझा राग कुठं राहिला नाही.

वनखात्याच्या 1926 वर फोन लावला, त्यांनी जवळच्या सर्पमित्राचा नंबर जोडून दिला. अर्ध्या तासात आला पोरगा, विशीतला, पायात गमबूट. मानेवर ओलं फडकं टाकलं, मला म्हणाला, ‘काकू, भरतकामाची कात्री हाय का?’ होती. एकेक धागा असा कापला की मला स्वेटर उसवल्याची आठवण झाली. सतरा ठिकाणी कापलं. साप तेवढ्या वेळात दोनदा त्याच्या हातमोज्याला चावला आणि घाण वासाचं पाणी सोडलं ते वेगळंच. शेपूट धरू नका म्हणाला, जोरात ओढलं तर या जातीची शेपटी तुटून हातात येते आणि पालीसारखी परत वाढत नाही. जखमेला हळद लावू का विचारलं (हरिपूर म्हणजे हळदीचं गाव, आमच्याकडं सगळ्याला हळद), तर हसून नको म्हणाला. वनखात्याला कळवून आपल्यासोबत नेला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. या सेवेला पाच चांदण्या, आणि त्या मशीनच्या पानावर देता येत नाहीत म्हणून इथं लिहितेय. वन्यजीव कायदा 1972 चा आहे, साप मारणं गुन्हा आहे, हे त्यानं पोराच्या आईलाही शांतपणे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आनि त्यो माझ्या पोराला चावला ते?’ यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं, त्यानं पोराला स्वतःचे जुने कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे दिले.

शेवटी चाललं काय, तर साधं काम. हौदाभोवतीचं गवत पायरीएवढं छाटलं. विटांचा आणि रिकाम्या पिशव्यांचा ढीग हलवला. त्या ढिगात फेब्रुवारीत आम्हाला अंडी सापडली होती, एकमेकांना चिकटलेली, 37 मोजली, आणि मादी त्यांच्याभोवती वेटोळं घालून. तेव्हा आम्ही तो कोपरा तसाच झाकून ठेवला होता, पिल्लं निघून गेल्यावरच हात लावला. चिलापी सगळे काढून मासेवाल्याला दिले. पान काढायला हाताऐवजी लांब दांड्याचा चिमटा, 180 रुपये, माळी लोकांकडं मिळतो. ऑगस्टमधल्या काड्या 4. पोरगं परत येतंय.

4 काड्या म्हणजे तो अजून येतो. येऊ दे. त्याच्यासाठी एक टब मी तसाच ठेवलाय, कडेचा, गिऱ्हाइकांना न दाखवायचा. त्यात कमळ फुलत नाही, बेडूक भरपूर.

मुका झालेला खांब सहा महिन्यांच्या वॉरंटीत बसत होता. तक्रार केली, तिसऱ्या मेसेजनंतर बदलून देतो म्हणाले. न्यायला कुरिअरवाला आला तो फाटकातच थांबला, कुणीतरी त्याला कातीची गोष्ट सांगितली होती.

‘काकू, साप हाय का आत?’

‘आहे की.’

‘मग मशीन परत कशाला देताय?’

नवीन आलाय. खोक्यातून काढलेला नाही. कुणाला हवा असेल तर रोपवाटिकेत या, दोन कुमुदिनी घेतल्या तर फुकट देईन.